कोयत्याला एकच बटण

पौषातलं हिव असं पडलं होतं की म्हशीच्या पाठीवरून वाफ निघत होती. कालव्याकडचं धुकं पार दावणीपर्यंत आलेलं. समोरचा उसाचा फड दिसत नव्हता, पाचटावर टपटपणारं दव तेवढं ऐकू येत होतं. तेलगावपासून दीड कोसावरच्या त्या वस्तीवर रोहिणी म्हशीखाली उकिडवी बसली होती आणि म्हैस तिला खुशाल ताटकळत ठेवत होती.

"आज काय बिनसलंय हिचं?" रोहिणी म्हणाली.

"उसाचं वाढं शिळं हाय," तिची आई जानकीबाई चुलीपासून म्हणाली. "तुला आवडती का रोज शिळी भाकर?"

आईनं पेंडीचं घमेलं आणून पुढं आदळलं, तेव्हा कुठं म्हशीनं पान्हा सोडला. दोन धारा बादलीत वाजल्या असतील नसतील, तोच भिंतीच्या कोनाड्यात ठेवलेला फोन वाजला. ऊसतोडीची टोळी चालवणाऱ्या गहिनीनाथ मुकादमाचा व्हॉइस मेसेज. रोज पहाटे त्याचा एक तरी यायचाच. कधी रेंज नाही, कधी पासवर्ड विसरला, कधी नुसतंच 'तुहं ॲप मेलंय'. रोहिणीनं हात लांब करून करंगळीनं मेसेज लावला. मुकादमाचा घोगरा आवाज सुरू झाला आणि त्याच वक्ताला म्हशीनं लाथ झाडली. रोहिणीनं बादली उचलली, म्हशीला एक शिवी घातली, पाय पुन्हा नीट रोवले. तोवर मेसेज शेवटाला आला होता.

"...तर मंग आर्धा कुठं दाबू, सांग. तुह्या ॲपात आर्धा न्हाईच."

दुधाच्या ओल्या अंगठ्यानं तिनं माइकचं चिन्ह दाबून धरलं. "मुकादम, अर्धा असला तर सध्या बंदच ठेवा. पुढच्या अपडेटात बघू." अंगठा उचलला. चार-पाच सेकंदांचं काम. फोन कोनाड्यात ठेवला आणि पुन्हा धार धरली.

मंगळवारची ही गोष्ट तिच्या लक्षातही राहिली नसती.

रोहिणीला सव्विसावं सरलेलं. आई-बाप ऊसतोडीला जात, तेव्हा ती हॉस्टेलात राहून शिकली. बाप गेला, आईची कंबर गेली, तोड सुटली. पोरीनं बीडला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि तेलगावात खताच्या दुकानाच्या माडीवर सोमेश्वर सरांच्या ऑफिसात नोकरी धरली. सोमेश्वर सर गिऱ्हाईक आणत, रोहिणी ॲप बनवी. दूध डेअरीचं बनवलं, मंगल कार्यालयाचं बनवलं, आणि मागच्या दिवाळीआधी टोळ्यांच्या हजेरीचं बनवलं.

तिचा हात एका गोष्टीत पक्का होता. फोनच्या पडद्यावर जे जे दिसतं, बटण म्हणा, नावाची चौकट म्हणा, चालू-बंदचा स्विच म्हणा, त्या प्रत्येकाचं आधी बारसं करावं लागतं. नाव ठेवलं की कोडातून त्याला हाक मारता येते. हाकेला आलं की सांगता येतं: तू चालू हो, तू बंद हो, तू करडा पड, तू दिसूच नको. नावच ठेवलं नसेल तर ते पडद्यावर बसून राहतं, पण त्याला हाक पोचत नाही. इतर पोरं बटण१, बटण२ अशी नावं टाकून मोकळी होत आणि मग कोण कुठलं ते शोधत बसत. रोहिणी नावं विचारानं ठेवायची. याचा तिला जरा गुमानही होता.

हजेरीच्या ॲपात तिनं एका कोयत्याला एक ओळ दिली. ओळीत गड्याचं नाव, त्याच्या शेजारी एक स्विच. सकाळी सातच्या आत मुकादमानं स्विच चालू केला की कोयता कामावर. बंद केला की ओळ करडी, पुढचे फडाचे आणि ट्रॉलीचे रकाने दाबूनही दबत नाहीत. सातला कुलूप. तिकडं नदीपलीकडच्या कारखान्याच्या ऑफिसात तीच हजेरी जशीच्या तशी दिसे. सगळ्यांनी वाहवा केली.

आता या भागात कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. 'औंदा किती कोयते?' 'वीस.' म्हणजे माणसं चाळीस, पण चाळीस कोणी म्हणत नाही. आजारपणानं, मयतीनं जोडीतलं एकटंच कामावर आलं, तर तो अर्धा कोयता. पुण्याच्या एखाद्या पोरानं हे ॲप बनवलं असतं, तर त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं असतं, एका कोयत्यात माणसं किती? रोहिणीनं विचारलं नाही. तिला ठाऊक होतं. जन्मापासून ठाऊक होतं, म्हणूनच तिनं दोन माणसांना मिळून एक नाव ठेवलं आणि एक स्विच दिला, आणि अर्ध्याला जागाच ठेवली नाही.

शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. दार उघडायच्या आधी आवाज आत आला.

"कुठंय ती शिकलेली?"

रोहिणीनं आवाज ओळखला. चुलती. कौशल्याबाई. रोहिणीनं चुलतीच्या भाच्याचं स्थळ नाकारलं, त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून कौशल्याबाई पाणवठ्यावर समोर आली तरी तोंड फिरवायची. आज ती समोर येऊन उभी राहिली. डावा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. मागं चुलता आश्रुबा, हातात दवाखान्याच्या कागदांची पिशवी, नजर फरशीवर.

"काकू, काय झालं हाताला?"

"मला काकू म्हणू नको. बघ, हे तुह्या बटनानं झालंय."

सोमेश्वर सर खुर्चीतून अर्धवट उठले. "बाई, हे ऑफिस हाय. हळू बोला."

"आन् हे काय हाय?" तिनं पट्टीचा हात थेट त्यांच्या नाकासमोर धरला. "हा हात हाय. ह्याची दोन बोटं वाकंनात. तुमी हळू बोला."

सर बसले.

मग तिनं सांगितलं, शिव्यांच्या मधल्या जागेत. मंगळवारी आश्रुबा त्याच्या मावशीच्या मातीला नेकनूरला गेलता. ती एकटीच फडात गेली. मुकादमानं तिला तोडायचा पट्टा दाखवला, तिनं पट्टा धरला. अकराच्या सुमाराला दवानं ओला ऊस हातातून फिरला आणि कोयता डाव्या हातावर बसला. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं. जवळच्या दवाखान्यात टाके घातले, पण आतल्या शिरा तुटल्या होत्या. त्या जोडणारा डॉक्टर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. दहा दिवसांच्या आत जोडल्या तर बोटं वाकतील, नाहीतर ऊस धरायलाच काय, भाकर थापायलाही तो हात कामाचा नाही. त्या दवाखान्याशी कारखान्याचा करार होता. फडात लागलं, की कारखाना चिठ्ठी देई आणि दवाखाना दाखल करून घेई.

"चिठ्ठी मागाया गेलो," आश्रुबा पहिल्यांदाच बोलला. "त्यांनी फोनात बघितलं. म्हनले, तुमचा कोयता त्या दिवशी बंद हाय. बाई फडात नव्हती."

"चार दिस झाले," कौशल्याबाई म्हणाली. "आता सहा ऱ्हायले."

रोहिणीनं मंगळवारची हजेरी उघडली. वीस ओळी. एकोणीस हिरव्या, एक करडी. आश्रुबा. बंद.

"मुकादमानं कावून बंद केला?" तिनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला दुधाचा ओला अंगठा आठवला.

सरांनी तेवढ्यात गहिनीनाथला फोन लावला होता. तो खालीच खताच्या दुकानात बसला होता की काय कोण जाणे, पाच मिनिटांत जिना चढून आला. पांढरी पँट, गळ्यात रुमाल, तोंडात सुपारी. कौशल्याबाईकडं त्यानं बघितलंही नाही.

"काय गं रोहिणे, कोर्ट भरवलंस का?"

"मुकादम, काकू त्या दिवशी फडात होती का?"

"ॲपात काय हाय?"

"ॲपाचं सोडा. तुमी काय बघितलं?"

"वा! वीस कोयत्यांच्या अंगठ्याची वही होती मही. ती सोडाया लावली तू आन् ह्या तुह्या सरानं. आता म्हन्ती, ॲपाचं सोडा." त्यानं फोन काढला. "सर, तुमीबी ऐका. ए बाई, तूबी ऐक. तुह्या पुतनीचा आवाज वळखू येतो का बघ."

आणि त्या माडीवर रोहिणीचाच आवाज घुमला, मागं म्हशीचं फुरफुरणं असलेला. 'मुकादम, अर्धा असला तर सध्या बंदच ठेवा. पुढच्या अपडेटात बघू.'

खाली हमाल पोती उतरवत होते, त्यांचा आवाज येत राहिला.

"मी हुकमाचा ताबेदार," मुकादम म्हणाला. "हिनं सांगितलं, मी दाबलं."

"म्हंजी ती फडात होती, हे तुमी मानता," रोहिणी म्हणाली.

"मी कुठं मानलं? तू सांगितलं तसं दाबलं, येवढंच मी बोललो. बाईनं राहायच्या कोपीवर म्हशीसाठी वाढं तोडताना हात कापून घेतला आसंल, मला काय मालूम? फडात व्हती म्हणाया गेलो, तर कारखाना उद्या मलाच इचारील, बंद कोयत्याची बाई फडात कावून घेतली, म्हणून. मी न्हाई मपली मान देणार."

"झूट बोलतो हा!" कौशल्याबाई ओरडली. "माझ्या हातचा ऊस ट्रॉलीत चढला, तो काय कोपीवर उगवला का रं?"

"ए, जबान सांभाळ."

"तुला सांभाळायला बोटं हायती. मला न्हाईत."

मुकादमानं सुपारी गालात फिरवली. "सर, दोन शब्द सांगतो. महं नाव कुठं लागलं ना, तर ह्या भागातल्या एकाबी मुकादमाच्या फोनात तुमचं ॲप दिसणार न्हाई." आणि जसा आला तसा जिना उतरून गेला.

कौशल्याबाई आता रोहिणीच्या टेबलाशी आली. पडद्यावरच्या करड्या ओळीवर तिनं चांगल्या हाताचं बोट ठेवलं.

"हे तू बनवलं ना?"

"हो."

"मग कर चालू. तुह्या एका बोटाचं काम. मही दोन बोटं जायलीत."

कुलूप मुकादमाला होतं, रोहिणीला नव्हतं. ती मागच्या दारानं आत जाऊ शकत होती. आश्रुबाच्या ओळीतल्या शून्याचा एक केला की झालं. आणि खोटं तरी काय होतं त्यात? बाई फडात होतीच.

रोहिणीनं मागचं दार उघडलं. ओळ सापडली. त्या ओळीत नाव होतं आश्रुबा. हा स्विच चालू केला, तर कारखान्याच्या ऑफिसात दिसेल, की मंगळवारी आश्रुबा फडात होता. आश्रुबा तर नेकनूरला होता, शंभर माणसांनी त्याला तिथं बघितलेलं. कौशल्याबाई तरीही कुठंच दिसणार नाही. तिचं नावच नव्हतं, तर तिला चालू करणार कसं?

तिनं हात मागं घेतला. "काकू, हे चालू करून भागत न्हाई. ह्यात आश्रुबातात्याचं नाव हाय. तुझं न्हाई."

"कावून न्हाई?"

"मीच ठेवलं न्हाई."

कौशल्याबाईनं पडद्यावरचं बोट उचललं. "तुही आई बारा वर्सं कोयता चालवत होती," ती म्हणाली. "तिचंबी न्हाई?"

आश्रुबानं बायकोच्या खांद्याला हात लावला. तिनं तो झटकला आणि ती जिना उतरली, धाड धाड, एकेक पायरी वाजवत.

"बघ रोहिणी," सर म्हणाले, "नवीन व्हर्जनमधी दुसरा स्विच टाकून दे आन् विषय संपव. मागचं उकरू नको. पोटावर पाय येतो."

तिनं आधी तेच केलं. स्वतःच्या लॅपटॉपवर ओळीचे दोन भाग केले. गड्याचं नाव, गड्याचा स्विच. बाईचं नाव, बाईचा स्विच. दोघांची वेगळी बारशी केली. कोडातून बाईच्या स्विचला हाक मारली, तो आला. चालू म्हटलं, झाला. गडी बंद केला, तरी बाई हिरवी राहिली. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. या अर्ध्या तासापायी एका बाईचा हात जायला लागला होता, आणि हा अर्धा तास तिला दिवाळीपासून सापडला नव्हता. तिला स्वतःचीच चीड आली.

पण नवा स्विच पुढच्या दिवसांचा. मंगळवार मागंच राहिला.

मग तिनं कोरा कागद घेतला आणि हातानं लिहायला बसली. ॲप मी बनवलं. कोयता म्हणजे दोन माणसं. मी दोघांना मिळून एकच स्विच ठेवला. बाईच्या हजेरीची सोय या ॲपात नाही, म्हणून ॲपात 'बंद' आहे यावरून बाई फडात नव्हती असं ठरत नाही. अर्धा कोयता असला तर बंद ठेवा, असं मी मुकादमाला स्वतःच्या तोंडानं सांगितलं. तारीख अमुक, वेळ...

वेळ किती? ती बघायला तिनं फोन उघडला. मुकादमाचे मेसेज वर सारत गेली. मंगळवार. सहा पंचवीसला तिचा आवाज. त्याच्या वर, सहा बावीसला, त्याचा. सतरा सेकंदांचा. तिनं ऐकलेले होते शेवटचे चार.

तिनं तो मेसेज पहिल्यापासून लावला. एकदा ऐकला. पुन्हा लावला. मग कागदावर वेळ लिहिली, खाली सही केली आणि फोन चार्जिंगला लावला.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या आवारात मळीचा आंबूस वास दाटला होता. कामगार विभागाची प्रियदर्शनी मॅडम याच हंगामात रुजू झालेली. ती कोणाशी हसून बोलत नसे आणि कोणाला बसा म्हणत नसे. टेबलासमोर रोहिणी, कौशल्याबाई आणि आश्रुबा उभे. दारात गहिनीनाथ, मॅडमनं बोलावलं म्हणून आलेला आणि आल्यापासून घड्याळ बघणारा.

"ॲप तुम्ही बनवलंय?" मॅडमनं विचारलं.

"हो."

"ॲपात कोयता बंद आहे. मुकादम म्हणतात, बाई फडात नव्हती. मग चिठ्ठी मी कशावर देऊ? रडण्यावर?"

"रडतंय कोण इथं?" कौशल्याबाई म्हणाली.

रोहिणीनं कागद पुढं केला. मॅडमनं तो वाचला. पहिल्यांदा भरभर, दुसऱ्यांदा सावकाश.

"हे लिहून दिल्यावर तुमच्या ॲपवर कोण भरवसा ठेवणार?"

"चूक हाय ती हाय."

"बघा मॅडम, बघा!" मुकादम दारातून पुढं आला. "सोताच्या हातानं कबूल केलं. मी तर म्हन्तो, हिचा आवाजच ऐका." आणि त्यानं पुन्हा तोच मेसेज लावला. 'मुकादम, अर्धा असला तर सध्या बंदच ठेवा...'

मॅडमनं चष्मा वर सारला. "अर्धा असला तर? म्हणजे तुम्ही अर्ध्याचं विचारलं होतं?"

"मी... आसंच. इचारून ठेवलं. कधी लागलं तर."

"काय विचारलं होतं?"

"आता ते काय ध्यानात ऱ्हातंय व्हय?"

"ह्याच्या वरचा मेसेज लावा, मुकादम," रोहिणी म्हणाली.

"न्हाई त्यो. गेला. मेमरी फुल झाली, पुसला."

"तुमच्यातला पुसला आसंल." तिनं स्वतःचा फोन टेबलावर ठेवला आणि करंगळीनं दाबला.

'रोहिणे, गहिनीनाथ बोलतो. आश्रुबा मातीला गेलाय नेकनूरला. त्याची बायको एकलीच आलीय.' मध्ये उसाच्या पानांची सळसळ, आणि लांबून बाईचा आवाज, 'मुकादम, कोन्ता पट्टा धरू?' मग तो, तोंड फिरवून, 'थांब की बाई, त्या बांधाकडचा धर.' आणि पुन्हा जवळून, '...तर मंग आर्धा कुठं दाबू, सांग. तुह्या ॲपात आर्धा न्हाईच.'

कौशल्याबाईनं स्वतःचा आवाज असा कधी ऐकला नसावा. ती फोनकडं वाकून बघत होती. "मीच हाय ती," ती म्हणाली. "आगं, मीच हाय."

मॅडमनं तारीख-वेळ टिपून घेतली. मंगळवार, सहा वाजून बावीस मिनिटं. मग मुकादमाकडं बघितलं. "कोपीवर, म्हणालात ना?"

"मॅडम, लोक बोलले, ते मी..."

"तुमचं आपण नंतर बघू. बाहेर थांबा."

मुकादम हलला नाही. "वीस कोयत्यांच्या मुकादमाचा आसा पंचनामा व्हायला नको व्हता, रोहिणे," तो दबक्या आवाजात म्हणाला. "उद्यापासून तुहं ॲप समद्या मुकादमांच्या फोनातून काढायला लावतो."

"लावा," रोहिणी म्हणाली. "काढताना ते एकदा इचारतं, खरंच काढायचं का म्हणून. हो दाबा. पुन्हा मला मेसेज करून इचारू नका."

चिठ्ठीवर शिक्का पडायला पाऊण तास लागला. कौशल्याबाई तोवर आवारातल्या लिंबाखाली बसली होती, पट्टीचा हात मांडीवर घेऊन. रोहिणीनं चिठ्ठी आणून दिली. तिनं ती घेतली नाही.

"वाच. नाव कोणाचं हाय?"

"तुझं. कौशल्याबाई."

"त्याचं न्हाई?"

"न्हाई. तुझंच."

मग तिनं चिठ्ठी घेतली, चौघडी केली, चोळीत खोचली. आश्रुबा गाडीचं बघायला गेला. रोहिणी तिथंच घुटमळली. काहीतरी बोलावं असं तिला वाटलं, आणि चुलतीच बोलली.

"मी तुला माफ केलं, आसं समजू नको. बोटं वाकली तर बघू."

"आन् न्हाई वाकली तर?"

"शिव्या द्यायला बोटं लागत न्हाईत."

बसस्टँडवर पोचायच्या आत सोमेश्वर सरांचा फोन आला. गहिनीनाथनं पाच मुकादमांना फोन फिरवून ॲप काढायला सांगितलं होतं. सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं. "तू घरी थांब आता," ते म्हणाले. "लागलं तर कळवतो." बसमध्ये रोहिणीला खिडकीची जागा मिळाली. बाहेर उसाच्या ट्रॉल्या उलट्या दिशेनं चालल्या होत्या, एकेका ट्रॉलीच्या माथ्यावर मोळ्यांवर बसलेल्या बाया, तोंडाला पदर. ती मोजत नव्हती, तरी तिला मोजावंसं वाटलं. बाया मोजाव्यात असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं.

घरी आल्यावर आईला तिनं सगळं सांगितलं. जानकीबाईनं ऐकलं आणि विचारलं, "तुह्या त्या नव्या बटनात बाईचं नाव लिवता येतं?"

"येतं."

"मह्या वक्ताला आसतं तर तुह्या बापानं फोनच फोडला आसता," आई म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

कौशल्याबाईचा हात सातव्या दिवशी फाडला, शिरा जोडल्या. बोटं वाकतात की नाही, ते सहा आठवड्यांनी कळणार होतं. वस्तीवर रोहिणीशी बोलणारी माणसं कमी झाली. ज्यांची घरची माणसं गहिनीनाथच्या टोळीत, त्यांनी तिच्या दारावरून जाणं सोडलं. एक बाई मात्र कालव्यावर धुणं धुताना तिच्याकडं न बघता म्हणाली, "मह्या नावाचंबी बटन टाक," आणि पिळा झाडत निघून गेली.

पुढच्या बुधवारी पुन्हा तसंच धुकं. आज वाढं ताजं होतं, तरी म्हैस पान्हा चोरत होती. कोनाड्यात फोन वाजला. सोमेश्वर सर. रोहिणीनं उचलला नाही. मग मेसेज आला. तिनं हात आवरला, पदराला पुसला, फोन कानाशी धरून तो पहिल्यापासून ऐकला.

'रोहिणी, मी बोलतोय. कारखान्याच्या मॅडमचं पत्र आलंय. बाईची वेगळी हजेरी नसली तर उद्यापासून एकाही टोळीची हजेरी घेत नाहीत म्हणे. गहिनीनाथ पहाटेपासून जिन्यात बसलाय, शिव्या द्यायलाय. ते दोन स्विचवालं तुझ्याच लॅपटॉपात हाय ना? मागचं जाऊ दे. उचल बरं फोन.'

मेसेज संपला. लगेच फोन पुन्हा वाजायला लागला.

"कोण हाय?" आईनं आतून विचारलं.

"मुकादमाला बटन पाहिजे."

"मंग दी की."

"देते. थांबू दे जरा जिन्यात."

तिनं फोन पालथा घालून कोनाड्यात ठेवला. घमेलं पायानं म्हशीपुढं सारलं, गुडघ्यात बादली धरली आणि कास चोळायला घेतली. फोन वाजत राहिला. म्हशीनं एकदा मागं वळून बघितलं, घमेल्यात तोंड घातलं, आणि पहिली धार बादलीच्या बुडावर वाजली.